मागे बघायचं नाही

सतरा मिनिटं संपली आणि सासूबाईंच्या मांडीवरचा टायमर वाजला. अंडी उकडायला म्हणून कधीतरी आणलेला तो लाल टायमर आता वर्षातून दोन-तीनदा या टेकडीवर यायचा आणि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसून घरातल्या माणसांची परीक्षा घ्यायचा. सासूबाईंनी तो बंद केला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि समोर धापा टाकत उभ्या असलेल्यांवरून नजर फिरवली. धाकटा मुलगा, धाकटी सून, थोरली सून. चौथं डोकं नव्हतं.

"मुंगी कुठाय?"

थोरली चढाच्या रस्त्याकडे बघत राहिली. मुंगी तिची मुलगी. लहानपणी एका जागी म्हणून ठरायची नाही, त्यामुळे हे नाव पडलं, आणि चौदा वर्षांची झाली तरी सुटलं नाही. आज मात्र ती नक्की कुठे ठरून बसली होती कोणास ठाऊक.

या घरात सासूबाईंचा मिस्ड कॉल म्हणजे हुकूम. एकदा वाजून बंद झाला की हातातलं असेल ते टाकायचं आणि जवळच्या वाटेनं टाकी गाठायची. दिवस आणि वेळ त्या कधीच आधी सांगत नसत. एकदा भाजीवाल्याचा नंबर शोधताना त्यांची बोटं सगळ्यांच्या नंबरांवरून फिरली, तर धाकटा डोक्याला साबण तसाच, कमरेला टॉवेल, अशा अवतारात टाकीपाशी येऊन उभा राहिला. सासूबाई घरी भाजीची वाट बघत होत्या आणि इकडे सगळं कुटुंब तासभर वाऱ्यावर कुडकुडत त्यांची वाट बघत होतं. खाली जाऊन विचारून यावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. कारण टाकीवरून खाली उतरायचं नाही, हाही नियमच होता.

नियम आजेसासऱ्यांचा. त्यांच्या तरुणपणी समुद्र एकदा अचानक मागे हटला आणि मग लाट होऊन गावात शिरला होता. घरात चार भाऊ होते. पहिला दुसऱ्याला शोधायला गेला, दुसरा तिसऱ्याला, आणि तिघंही एकाच गल्लीत सापडले. उरलेल्या चौथ्यानं, म्हणजे आजेसासऱ्यांनी, पुढच्या पिढ्यांसाठी ठरवून टाकलं: पाणी हटलं की जो तो आपापला पळेल. हाक मारायची नाही, थांबायचं नाही, मागे बघायचं नाही. दुसराही पळतोयच, असं धरून चालायचं. ऐकायला निर्दय वाटतं, पण नऊ वर्षांपूर्वीच्या लाटेत खालच्या गावातली घरंच्या घरं गेली आणि या घरातलं एकच माणूस गेलं, ते या नियमामुळेच.

ते एक माणूस थोरलीचा नवरा होता.

"एकोणीस मिनिटं," सासूबाई म्हणाल्या. "गेली पोरगी."

"आई, असं बोलू नका ना हो," धाकटी म्हणाली. तिचं सलून होतं. हातात अजून कंगवा होता. "सराव आहे नुसता. माझ्या खुर्चीत एक बाई अर्धे केस कापून बसलीय. एक कान दिसतोय, एक दिसत नाही. ती बसलीच असेल तिथं, तशी मुंगीही कुठंतरी असेलच."

"मी खाली जाऊन बघून येतो," धाकटा म्हणाला. गळ्यात मोजमापाची टेप तशीच लटकत होती. शिडं आणि बोटींची कव्हरं शिवायचं वर्कशॉप आता तो एकटा चालवत होता. "दोन मिनिटांचं काम. वर्कशॉपमागच्या पायऱ्यांनी गेलो की—"

"पाऊल उचलून तर बघ."

"अगं, लाट थोडीच आलीय!"

"नसताना जातोस, तर असताना थांबशील होय?"

धाकट्याला गप्प बसवणं सोपं नव्हतं, पण आईपुढे तो अजूनही आठ वर्षांचा व्हायचा. मग त्यानं मोर्चा वहिनीकडे वळवला. "वहिनी, तुम्ही तरी बोला. मुंगीला शाळेनंतर वर्कशॉपमध्ये घ्यायचं म्हणून आज हा घाट घातलाय ना? तिचा हात बघितलाय मी. दादाचाच हात आहे. सरळ टीप घालते, खडूची रेघ न मारता. एका चुकीवरून तिला घरी बसवायचं का?"

"मी काय बोलू?" थोरली म्हणाली.

खरं तर तिला पोरीची काळजी वाटत होती, आणि त्या काळजीच्याही आत कुठेतरी तिला बरं वाटत होतं. सासूबाईंची अट साधी होती. जो एकटा, सतरा मिनिटांच्या आत वर येऊन दाखवेल, त्यानंच खाली किनाऱ्यालगत काम करायचं. थोरली स्वतः पोस्टात टपाल लावायची, पण ते पोस्ट चढाच्या निम्म्यावर होतं. वर्कशॉप अगदी पाण्याच्या तोंडाशी. मुंगी आज हरली तर तिला खाली जायची परवानगी मिळणार नव्हती, आणि नको म्हणायचं पाप थोरलीच्या माथी येणार नव्हतं. पोरीच्या हरण्यानं आपल्याला सुटल्यासारखं वाटावं याची तिला लाज वाटली. पण वाटलं ते वाटलंच.

"नियम म्हणजे नियम," धाकटी आता सासूबाईंच्या बाजूला सरकून म्हणाली. "मला विचाराल तर पोरीला खाली पाठवूच नये. शिवणकाम काय, घरीही करता येतं."

"चाळीस फुटांचं शीड घरात कुठं अंथरणार? तुझ्या सलूनमध्ये?" धाकट्यानं विचारलं.

"अंथर. निदान गिऱ्हाइकांना बसायला गादी होईल."

सासूबाई हसल्या नाहीत. त्या रस्त्याकडे बघत होत्या. कडक बोलत असल्या तरी त्यांचे हात टायमरची कळ उगाचच फिरवत होते. थोरलीला ते दिसलं आणि या बाईची माया नेहमी अशी हातांतच का राहते, तोंडात का येत नाही, असं तिला वाटून गेलं.

एकतिसाव्या मिनिटाला मुंगी वळणावर दिसली. ती पळत नव्हती, चालत येत होती. जवळ आल्यावर कळलं की तिचं आधी पळून झालं होतं, चेहरा लालबुंद, शर्ट पाठीला चिकटलेला. ती टाकीच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

"फोन मिळाला नव्हता?" सासूबाईंनी विचारलं.

"मिळाला."

"मग?"

"मी वर्कशॉपच्या दारात होते. काकांचं मशीन चालू होतं."

"अगं, ते चालूच ठेवून निघालो मी!" धाकटा म्हणाला. "मोटर बंद करायला कोण थांबतंय. मागच्या पायऱ्यांनी सरळ वर आलो."

"मला काय माहीत? मला वाटलं तुम्ही आत आहात. मी हाका मारल्या. मग आत शिरले, कापडांच्या मागे बघितलं, वरच्या माळ्यावर बघितलं. मग संडासाचं दार वाजवलं."

"आणि तोवर?" सासूबाई.

"तोवर सतरा मिनिटं झाली."

"म्हणजे जो माणूस इथं वर सुखरूप उभा होता, त्याला तू खाली संडासात शोधत होतीस." सासूबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "आज पाणी असतं तर मी काय करायचं होतं गं? याला काय सांगायचं होतं? तुझ्या आईला?"

मुंगीचे डोळे भरून आले, पण मान खाली गेली नाही. "मला जमत नाही, आजी. आत कोणी आहे असं वाटत असताना मला दारावरून पुढे जाता येत नाही. मी ठरवून आले होते की जायचं म्हणून. पाय उचलत नाहीत."

धाकटीनं पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. थोड्या वेळापूर्वी ती सासूबाईंच्या पक्षात होती, हे ती साफ विसरली. "जाऊ दे आई. लहान आहे. आणि खरं सांगू? वहिनींनीसुद्धा नाही का नियम मोडला? दारावरून जाताना भाऊजींना हाक मारलीच ना त्यांनी. आपण त्यांना कधी काही बोललो का?"



ती हाक. नऊ वर्षं ही हाक या घरात राहत होती. लाटेच्या दिवशी, याच टाकीपाशी, जेव्हा सगळे आले आणि एक माणूस आला नाही, तेव्हा सासूबाईंनी थोरलीचे दोन्ही दंड धरून विचारलं होतं, "तू तर वर्कशॉपवरूनच आलीस. त्याला हाक मारलीस का गं? मारलीस ना?" ज्या बाईनं आयुष्यभर हाक मारायची नाही म्हणून शिकवलं, ती आता हाकेची भीक मागत होती. थोरलीनं मान हलवली. हो. तेवढंच. पुढे त्या मान हलवण्याची गोष्ट झाली. थोरलीनं जिवाच्या आकांतानं हाक मारली, पण बोटींच्या इंजिनखोलीत बारा वर्षं काढून त्याचे कान गेलेले, त्यात पायमशीनचा खडखडाट. त्याला ऐकू आलं नाही. सासूबाई ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सांगताना त्यांच्या आवाजात सुनेबद्दल एक अभिमान असायचा, आणि तो प्रत्येक वेळी थोरलीला सुईसारखा टोचायचा.

कारण तिनं हाक मारलीच नव्हती. पाच वर्षांच्या मुंगीला खांद्यावर टाकून ती त्या दारावरून पळत गेली. नियम सांगत होता, तोही निघालाच असेल. त्याला ऐकू येत नाही हे नियमाला ठाऊक नव्हतं, तिला होतं. तरीही ती थांबली नाही, आणि तिनं आत पाहिलंही नाही. एवढ्या वर्षांत ती त्या रस्त्यावरून मनानं हजारदा पळाली होती, आणि दर वेळी तिला फक्त स्वतःचे पाय आणि डांबर दिसायचं. त्याचा चेहरा आठवायचा तो त्या सकाळचा, दातांत दोरा धरलेला, कसल्याशा प्रश्नाला न ऐकताच "हो हो" म्हणणारा. त्या सकाळनंतरचा एक क्षण, त्याची पाठ तरी, कोणी द्यावी म्हणून तिनं काहीही दिलं असतं.

"आईनं हाक नव्हती मारली," मुंगी म्हणाली.

"काहीतरीच काय बोलतेस," धाकटा म्हणाला. "तू एवढीशी होतीस."

"मी आईच्या खांद्यावर होते, काका. आई एक शब्दसुद्धा बोलली नाही. नुसती धापा टाकत होती." मग ती आईकडे वळली आणि तिचा आवाज फुटला. "आई, मी तुझी चहाडी करत नाहीये गं. मला दुसरंच सांगायचंय. मी मागे बघितलं होतं."

वारा पडल्यासारखं झालं. थोरलीनं काही म्हणायच्या आधीच मुंगी घाईघाईनं बोलू लागली, आता थांबली तर पुन्हा कधीच बोलता येणार नाही अशी.

"तू पुढे बघत होतीस. माझं तोंड मागेच होतं ना. आपण दारावरून गेलो तेव्हा बाबा पाठमोरे होते. मग आपण थोडं पुढे गेल्यावर ते दारात आले. लोक पळताना दिसले असतील. त्यांनी आधी समुद्राकडे बघितलं. मग आपल्याकडे. आणि मी हात केला. असा. या म्हणून." तिनं हात पुढे केला, बोटं मिटली, उघडली. "मागच्या पायऱ्या तिथंच होत्या, आई. दारापासून दहा पावलांवर. मला घेऊन तुला त्या उभ्या पायऱ्या चढता आल्या नसत्या, पण त्यांनी वर जायचं होतं. ते आपल्या मागे आले. मी बोलावलं म्हणून आले. आपण पूल ओलांडला, आणि खाडीतून पाणी आलं, आणि ते पुलाच्या पलीकडे होते. मग तू चढाच्या वळणावर वळलीस आणि मला पुढचं दिसलं नाही."

ती थांबली. "मागे बघायचं नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. आजीनं शिकवलं होतं."

सासूबाई आधी थोरलीकडे वळल्या. "हाक मारली नव्हतीस?"

"नाही, आई."

"मी विचारलं तेव्हा मान हलवलीस."

"तुम्ही असं विचारलंत की मला नाही म्हणवेना."

"नऊ वर्षं मी त्या हाकेवर जगले गं," सासूबाई म्हणाल्या. रागानं नाही, अगदी दमून गेल्यासारख्या. "त्याला नावानं कोणीतरी बोलावलं, त्याला नसेल ऐकू आलं, पण कोणीतरी बोलावलं, एवढं धरून बसले होते. रोज रात्री अंथरुणावर पडले की तुझ्या आवाजात ती हाक ऐकायचे. आणि तूच..." वाक्य पुरं झालं नाही.

थोरलीला वाटलं, त्यांचे पाय धरावेत. पण मुंगी तिथंच भिंतीला टेकून उभी होती, आणि आधी कोणाकडे जावं हे तिला कळेना. तिच्या आधी सासूबाईच उठल्या. गुडघ्यांवर हात देत, कट्ट्याला धरत, त्या नातीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पाच वर्षांची होतीस तू," त्या म्हणाल्या. "त्या वयाचं पोर बापाला हात करणार नाही तर काय करणार? नियम मोठ्यांसाठी आहे. तुला कसला नियम?"

"पण मी हात केला नसता तर ते पायऱ्यांनी—"

"ते मला माहीत नाही," सासूबाई म्हणाल्या. "खोटं सांगत नाही. या घरात आधीच एक झालंय." मग एकदम वेगळ्याच आवाजात, लहान मुलानं चोरून काहीतरी मागावं तशा, म्हणाल्या, "कसा दिसत होता गं?"

मुंगी गोंधळली. "म्हणजे?"

"चेहरा. घाबरला होता का?"

"नाही... म्हणजे समुद्राकडे बघितलं तेव्हा तोंड उघडंच राहिलं होतं. पण माझ्याकडे बघितल्यावर नाही. त्यांनीही हात वर केला. त्या हातात तो चामड्याचा पंजा होता, सुई दाबायचा."

"उजवा," धाकटा कापऱ्या आवाजात म्हणाला. "उजव्या हातात घालायचा तो."

"अंगात काय होतं?" हे थोरलीनं विचारलं. आपण विचारलं हे तिला विचारल्यावर कळलं. तिला पोरीला जवळ घ्यायचं होतं, सासूबाईंची माफी मागायची होती, ते सगळं करायचंच होतं, पण त्या सगळ्याच्या आधी तिला हे हवं होतं. नऊ वर्षं उपाशी राहिलेल्या माणसासारखी ती पुढे झाली. "निळा सदरा की तो जुना, कॉलर फाटलेला?"

"निळा. बाह्या वर दुमडलेल्या. डोक्यात कापडाचे दोरे होते पांढरे."

"असायचेच," थोरली म्हणाली. "रोज मी काढायचे. काही ओरडत होते का? तोंड हलत होतं?"

"लांब होते, आई. मला वाटतं माझं नाव घेत होते. पण कदाचित मला तसं वाटलं असेल."

धाकटीनं तोंडाला हात लावला आणि पाठ फिरवली. धाकटा टाकीच्या पलीकडे गेला, टेप गळ्यातून काढून नुसतीच गुंडाळत राहिला. सासूबाई पुन्हा कट्ट्यावर बसल्या आणि त्यांनी आपल्या शेजारची जागा हातानं झाडली. थोरलीसाठी. थोरली बसली. दोघी सासूसुनांसारख्या नाही, एका खिडकीतून एकच रस्ता बघणाऱ्या बायकांसारख्या बसल्या.

"पोरीला खाली जाऊ द्यायचं की नाही ते तू ठरव," सासूबाई म्हणाल्या. "आजपासून मी नाही ठरवणार."

थोरलीला आयती सुटका हवी होती, ती गेली. ती मुंगीकडे बघत म्हणाली, "शिकायचंय तुला?"

"हो."

"का? बाबांचं मशीन म्हणून?"

मुंगीनं विचार केला. "नाही. मला शिडं आवडतात. बाबांचं म्हणून असतं तर मी रडतच बसले असते तिथं."

"मग जा. पण आत कोणी असलं-नसलं तरी तू मागच्या पायऱ्यांनी वर यायचंस. काका येतील न येतील, मी येईन न येईन. रोज शाळा सुटल्यावर आधी त्या पायऱ्या चढून इथं यायचं, मग खाली कामाला. पाय शिकेपर्यंत. जमेल?"

"तू हाक मारलीस तर?"

"मी नाही मारणार," थोरली म्हणाली, आणि हे बोलताना तिला किती कठीण गेलं ते तिलाच ठाऊक. "आणि मी दिसले तरी तू हात करायचा नाहीस. मी आपली येत असेन."

मुंगीनं मान हलवली. मग ती येऊन आईच्या पायाशी बसली, आणि थोरलीनं तिचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं. पोरीचा सगळा घाम तिच्या कपड्यांना लागला. खाली समुद्र नेहमीसारखा, कोणाच्या अध्यामध्यात नसल्यासारखा पसरलेला होता. धाकटीला अर्ध्या केसांची बाई आठवली आणि ती डोळे पुसत, पळतच खाली गेली. तिच्यामागून धाकटाही गेला, आईनं न विचारता उतरू दिलं म्हणून जरा बिचकतच.

"मुंगे," थोरली म्हणाली.

"हं."

"पुन्हा सांग. दारात आले तिथपासून."

मुंगीनं पुन्हा सांगितलं. दार, समुद्र, हात, पंजा. या वेळी ती सावकाश सांगत होती आणि सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. पुलापाशी आल्यावर थोरलीनं तिला थांबवलं.

"पायात चपला होत्या?"

"नव्हत्या. पाय अनवाणी होते. मला नीट आठवतंय, नुसते पाय दिसत होते धावताना."

शीड जमिनीवर अंथरलेलं असायचं, म्हणून वर्कशॉपमध्ये चपला दाराबाहेर काढाव्या लागत. आणि हा माणूस बाहेर पडताना हमखास चपला शोधायचा. दाराशी पडलेल्या असल्या तरी दहा मिनिटं शोधायचा, बरोबर चाललेली बायको ताटकळत उभी. लग्नात, दवाखान्यात, मुंगीच्या जन्माच्या वेळीसुद्धा. त्यावरून ती त्याला किती बोलली होती याची गणती नव्हती.

"शोधल्या नाहीत म्हणजे," थोरली म्हणाली. तिला हसू येत होतं आणि रडू आवरत नव्हतं. "ऐकलंत का आई, त्यांनी चपला शोधल्या नाहीत. तसेच निघाले."

"तसाच निघाला," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सुनेचा हात हातात घेतला. "तुमच्याकडे यायला."